बेअरिंग गेलंय का, हे मॉडेल इंजिन खोलण्याआधी ओळखा

पावसाळा संपला की पुण्यातली मॉडेल विमानं कपाटातून बाहेर निघतात आणि दसऱ्याच्या सुमाराला माझ्याकडे ग्लो इंजिनं, म्हणजे मिथेनॉल आणि तेलाच्या मिश्रणावर चालणारी छोटी इंजिनं, यायला लागतात. "काका, बेअरिंग गेलंय वाटतं." पुष्कळदा बेअरिंगला काहीच झालेलं नसतं, इंधनातलं एरंडेल आत डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. उलटही होतं: झिजलेल्या बेअरिंगमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, तेलाचा थर झाकून टाकतो. म्हणून इंजिन धुतल्याशिवाय मी कुठलाही निर्णय देत नाही.

धुवायला रॉकेल घेऊ नका, एरंडेल त्यात नीट विरघळत नाही. इंजिन हेअर ड्रायरनं कोमट करा, गार होऊ द्या आणि मग मिथेनॉलनं धुवा. मिथेनॉल विषारी आहे आणि भडकन पेटतं. हातमोजे घाला, गॅलरीत बसा, जवळ ज्योत नको. धुतल्यावर बेअरिंगवर हवेचा फवारा मारून ते गरगर फिरवू नका. कोरडे छर्रे त्यानंच खराब होतात.

आता प्रॉप (पंखा) आणि ग्लो प्लग (इंधन पेटवणारा प्लग) दोन्ही काढा. पुढचा प्रॉप ड्रायव्हर, म्हणजे पंखा ज्यावर टेकतो ती चकती, दोन बोटांत धरून शाफ्ट अगदी सावकाश फिरवा. मागच्या बेअरिंगजवळ क्रँककेसवर (इंजिनाच्या कवचावर) स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवा आणि मूठ कानाला लावा. सारखी करकर ऐकू आली तर आत कचरा किंवा गंज आहे. तेलाचे थेंब टाकून पुन्हा धुवा, पुन्हा ऐका. तरीही करकर राहिली, किंवा बोटांना मधूनमधून खडा लागल्यासारखं झालं, तर रेसवर, म्हणजे छर्रे फिरतात त्या कड्यावर, खड्डे पडलेत. ते बेअरिंग बदलायचंच. बहुतेक वेळा मागचंच आधी जातं, कारण क्रँकपिनच्या (शाफ्टवरच्या, कनेक्टिंग रॉड बसतो त्या खुंटीच्या) शेजारी असल्यानं पिस्टनचा दणका तेच झेलतं. शिवाय मिथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जळताना आम्ल तयार होतं, ते क्रँककेसमध्ये साचून आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत स्टीलला खातं. एक्झॉस्टमधून तांबूस तेल यायला लागलं की मला मागच्या बेअरिंगचाच संशय येतो.

मग प्ले. पिस्टन तळाला आणा आणि शाफ्ट वर-खाली हलवून बघा. पुढे-मागे किंचित सरकला तर घाबरू नका, तेवढी जागा लागतेच. वर-खाली मात्र बॉल बेअरिंगमध्ये हाताला टकटक जाणवता कामा नये. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यात काम करणारा मित्र असेल तर शतांश मिलिमीटर दाखवणारा डायल गेज लावून घ्या, वाद मिटतो. बुशच्या इंजिनात, म्हणजे बॉल बेअरिंगऐवजी साधी धातूची नळी असते त्यात, थोडा प्ले मुद्दामच असतो, तेलाला जागा हवी म्हणून. पुढून जरा तेल झिरपणं तिथे चांगलंच. पण पुढून इंधन फवाऱ्यासारखं उडतंय आणि नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) एका जागी ठरत नाहीये, तर शाफ्टच्या बाजूनं हवा आत शिरतेय. बुश संपला.

इथे एक गफलत फार होते. शाफ्ट उलटसुलट फिरवताना टिक-टिक लागली तर तो दोष कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दांड्याचा, असू शकतो. पिस्टन मध्यावर ठेवा, प्लगच्या भोकातून लाकडी काडीनं हलकेच दाबून धरा आणि प्रॉप ड्रायव्हर उलटसुलट हलवा. पिस्टन हलायच्या आधी शाफ्ट मोकळा फिरतोय? मग नवं बेअरिंग घालून पैसे वाया जातील, रॉड बघा.

बेअरिंगच दोषी ठरलं तर त्यावरचा नंबर वाचून घ्या. 6902 म्हणजे आतून 15, बाहेरून 28 आणि जाडी 7 मिलिमीटर. 607 म्हणजे 7, 19 आणि 6. नाना पेठेत बेअरिंगच्या दुकानात जाताना जुनं बरोबर न्या आणि मोकळ्या क्लिअरन्सचं, म्हणजे सी-3 आहे का विचारा. मागच्या बेअरिंगला रबरी सील असेल तर बसवण्याआधी काढून टाका, त्याला इंधनातल्या तेलाचंच वंगण मिळतं.