गोदीत, बोटीवर, कारखान्यात ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलंय आणि आता दम लागतोय? आधी हे करा

आपल्याकडची किती माणसं मुंबईच्या गोदीत, बोटींवर नाहीतर महाड, लोटे, रोह्याच्या एमआयडीसीत फिटर, वेल्डर, लॅगर (पाइपांवर उष्णता अडवणारं आवरण चढवणारे) म्हणून राबली आणि रिटायर होऊन गावी आल्यावर साधी पाखाडी चढताना दम लागतो, कोरडा खोकला जात नाही, तरी वय झालं म्हणून गप्प बसतात. तसं करू नका. ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे उष्णता अडवायला वापरायच्या त्या तंतूंच्या खनिजाचा, धुरळा छातीत गेल्यावर आजार वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी वर येतो. इंजिनरूममधल्या पाइपांचं लॅगिंग, बॉयलरची पॅकिंग दोरी, गास्केट, बल्कहेडच्या (बोटीतल्या आडभिंतींच्या) शीटा, सगळ्यात ते असायचं, आणि बोटीत नवीन बसवायला आंतरराष्ट्रीय नियमाने पूर्ण बंदी आली ती थेट 2011 मध्ये.

डॉक्टरकडे गेलात की नुसतं खोकला येतो म्हणू नका, काय काम केलं, किती वर्षं केलं, धुरळा कसला होता ते सांगा आणि केसपेपरवर लिहूनच घ्या, कारण हे न सांगितल्यामुळे टीबीच्या गोळ्या खात बसलेली माणसं आहेत. छातीचा एक्स-रे, गरज पडली तर एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि फुंकायची पीएफटी, म्हणजे फुप्फुसाची ताकद मोजायची टेस्ट करा. बिडी-सिगारेट असेल तर आजच बंद करा, ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीने वाढतो. धुरळ्याचे कपडे घरी धुणाऱ्या बायकोलाही खोकला असेल तर तिलाही दाखवा.

आता कागद, कारण केस उभी राहते ती कागदावरच. गेटपास, पगारपावती, पीएफ नंबर, ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड, सर्व्हिस सर्टिफिकेट, जे सापडेल ते. काहीच नसेल तर बरोबर काम केलेल्या दोघा-तिघांना गाठा आणि कुठल्या खात्यात, कुठल्या बोटीवर, कुठल्या साली काय केलं हे त्यांच्याकडून लिहून घ्या, ती माणसंही म्हातारी होतायत. तुमचा हेल्थ रेकॉर्ड मागायला कंपनीकडे स्पीड पोस्टाने अर्ज टाका आणि पोचपावती जपा: सुप्रीम कोर्टाने 1995 च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगाराचा हेल्थ रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा सुटल्यावर 15 वर्षं, यातली जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत ठेवायला सांगितलंय.

ईएसआय कापला जात असेल तर क्लेम तिथेच, नसेल तर दावा कामगार नुकसानभरपाई आयुक्तांकडे, दोन्हीकडे एकदम मिळत नाही. जुन्या, 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात ॲस्बेस्टॉसिस (ॲस्बेस्टॉसच्या धुरळ्याने होणारा फुप्फुसाचा आजार) व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. ठेकेदाराकडे होतात, मुकादमाचा पत्ता नाही, तरी घाबरू नका, ज्या मालकाच्या कामावर ठेकेदाराने लावलं त्याच्यावरही दावा लागतो. मुदत साधारण दोन वर्षांची, पण योग्य कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, म्हणून निदान झालं की लगेच हला. नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड आलेत, तुमची केस जुन्या कायद्यात बसते की नव्या हे वकिलालाच विचारा. वकिलाला पैसे नाहीत? जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, औद्योगिक कामगाराला फुकट वकील मिळायचा हक्क 1987 च्या कायद्यानेच दिलाय.

परदेशी बोटीवर होतात तर सीडीसी (खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) आणि बोटींची नावं सांभाळा, तिथले कायदे आणि मुदती वेगळ्या असतात. अमेरिकेत बुडालेल्या ॲस्बेस्टॉस कंपन्यांचे भरपाई ट्रस्ट आहेत, पण त्या कंपनीच्या मालाशी तुमचा संबंध आला हे दाखवावं लागतं. पैसे मिळवून देतो म्हणून आधीच फी मागणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

आणि माणूस गेलाच असेल तरी त्याच्यावर अवलंबून असलेली बायको-मुलं दावा करू शकतात. हॉस्पिटलमधून बायोप्सीचा रिपोर्ट आणि ब्लॉक (तपासायला काढलेला, मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या, आणि मृत्यूच्या कारणात नुसतं हृदय बंद पडलं असं न लिहिता फुप्फुसाचा मूळ आजार लिहायला डॉक्टरांना सांगा.