गोव्यातील घरात इराणी गालिचा: कोणत्या खोलीत कोणता?

इराणी गालिचा निवडताना बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते. गोव्यात मात्र खोलीतील हवा आणि वर्दळ आधी पाहावी, मग फरशीचा रंग आणि त्यानंतर गालिच्याचा. याचे कारण लोकरीच्या स्वभावात आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल शोषूनही हाताला फारशी ओलसर लागत नाही, त्यामुळे पावसाळ्यात तिच्याखालचे सुती ताणे-बाणे ओल धरून कुजू लागले तरी वरून काही कळत नाही. लव, म्हणजे वरचे उभे लोकरी धागे, झिजलेला गालिचा आणखी कित्येक वर्षे वापरता येतो, पण कुजलेला ताणा दुमडताक्षणी तुटतो.

विकत घेण्यापूर्वी कोपरा उलटून पाठ नीट पाहावी. हाताने विणलेल्या गालिच्याची नक्षी मागूनही स्पष्ट दिसते, गाठींच्या ओळी कुठे कुठे किंचित सरकलेल्या असतात आणि टोकाच्या दशा म्हणजे ताण्याचेच सुटलेले धागे असतात. झालर वेगळी शिवून लावलेली दिसली, तर तो गालिचा बहुधा यंत्रावरचा समजावा. एकाच निळ्या पट्ट्यात मध्येच छटा बदललेली दिसली, तर तो दोष मानू नये. वेगवेगळ्या वेळी रंगवलेली लोकर वापरल्याने तसे होते आणि याला अब्रश म्हणतात. माझ्या मते हाताने विणलेल्या गालिच्याचे खरे सौंदर्य तिथेच दिसते.

दिवाणखान्यात सर्वाधिक विचार फरशीचा करावा. जुन्या घरांत तांबड्या सिमेंटची गुळगुळीत जमीन असेल, तर काशान या इराणी शहराचा लाल गालिचा कितीही सुरेख असला तरी तिच्यात मिसळून जातो. तिथे नाईनचा दुधी आणि निळा किंवा काशानचाच गडद निळ्या पार्श्वभूमीचा गालिचा उठून दिसतो. नक्षीदार लाद्यांवर दाट फुलापानांचा गालिचा अंथरला, तर दोन्ही नक्षी एकमेकींशी भांडतात. अशा ठिकाणी फार्स प्रांतातील कश्काई लोकांचा गब्बे निवडावा. मोकळ्या रंगाच्या पार्श्वभूमीवर मोजकीच चित्रे, हे त्याचे वैशिष्ट्य. त्याची लव जाड असल्यामुळे खोली मात्र खेळत्या हवेची हवी. पणजी-मडगावच्या फ्लॅटमधील पांढऱ्या टाइल्सवर इराणमधील हेरीझचा गालिचा शोभतो, कारण त्यातील विटकरी आणि निळ्या रंगांच्या ठसठशीत भौमितिक आकृती त्या कोऱ्या जमिनीला आधार देतात.

माप डोळ्यांनी ठरवू नये. जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून गालिच्याएवढी जागा आखावी आणि एक-दोन दिवस त्यावरून ये-जा करून पाहावी. सोफ्याचे निदान पुढचे पाय गालिच्यावर यावेत आणि भिंतीकडे साधारण फूटभर जमीन मोकळी राहावी. अंथरण्यापूर्वी लवेवरून दोन्ही दिशांना हात फिरवावा. ज्या दिशेने हात सहज सरकतो, ती लवेची दिशा. त्या दिशेने पाहिल्यास रंग फिके आणि उलट दिशेने गडद दिसतात, म्हणून दारातून कोणती छटा दिसायला हवी ते ठरवून मगच गालिचा फिरवावा.

वसरीत, म्हणजे ओसरीत, किंवा बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या उघड्या बैठकीत, लोकरी गालिचा मुळीच घालू नये. तिथे वाऱ्याबरोबर पावसाची झड येते, चपलांबरोबर किनाऱ्यावरची रेती आणि जांभ्याची तांबडी धूळ येते आणि ते कण गाठींच्या मुळाशी बसून प्रत्येक पावलासरशी लोकर कापतात. दाराशी काथ्याचे पायपुसणेच योग्य.

जेवणाच्या खोलीत गालिचा टेबलाच्या चारी बाजूंनी निदान दोन फूट बाहेर यावा, म्हणजे खुर्ची मागे ओढली तरी तिचे पाय त्यावरच राहतात. मध्यभागी पदकासारखी मोठी आकृती असलेला गालिचा इथे वाया जातो, कारण पदक टेबलाखाली झाकले जाते. त्याऐवजी सर्वभर हेराती नक्षी (फुले आणि वळणदार पाने यांची पुन्हापुन्हा येणारी आकृती) असलेला, घट्ट विणीचा बिजारचा गालिचा घ्यावा. काही सांडल्यास कोरड्या सुती कापडाने कडेकडून मध्याकडे टिपावे, घासू नये. तरीही हुमणातल्या (माशांच्या कालवणातल्या) हळदीचा डाग सहसा पूर्ण जात नाही, म्हणून घरात लहान मुले असतील तर ही खोली बिनगालिच्याचीच बरी.

झोपण्याच्या खोलीत पलंगाच्या दोन्ही बाजूंना केनारे, म्हणजे लांब अरुंद गालिचे, घातले की पुरते. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत असेल, तर दर सहा महिन्यांनी ते उलटसुलट फिरवावेत, म्हणजे रंग एकाच टोकाला उडत नाही.

कोमचा रेशमी गालिचा पायाखाली घालू नये, भिंतीवर लावावा. त्यासाठी आतील भिंत निवडावी, कारण बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. मागे वरच्या काठाला सुती पट्टी शिवून तिच्यात दांडा ओवावा, खिळे ठोकू नयेत. मेहराबीच्या कमानीची नक्षी असलेला गालिचा नमाजासाठीचा असतो, तोही भिंतीवरच असावा असे मला मनापासून वाटते.

पाऊस सुरू होण्यापूर्वी, मे महिन्याच्या शेवटी, दोन्ही बाजू व्हॅक्यूम करून गालिचा उन्हात वाळवावा. दशांवर मात्र व्हॅक्यूम फिरवू नये. नंतर घडी न घालता जाड नळीवर लवेच्या दिशेने गुंडाळून सुती चादरीत बांधावा. प्लास्टिकमध्ये आतली ओल अडकून बुरशी येते. गुंडाळी जमिनीपासून उंच, हवेशीर जागी ठेवावी आणि उघडीप मिळेल तेव्हा सोडून कसर लागली आहे का ते पाहावे. चतुर्थीला पाहुण्यांसाठी तो काढावासा वाटतो, पण तेव्हा हवा दमट असते आणि माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, पाने-फळे गळत असतात, म्हणून त्या दिवसांत चटयाच अंथराव्यात. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की गालिचा उलगडून आधी पाठीला तासभर ऊन द्यावे आणि फरशी पूर्ण कोरडी असल्याची खात्री करून मगच अंथरावा.