दुर्बिणीसाठी घरच्या घरी सूर्यफिल्टर

फिल्टरसाठी बाडर या जर्मन कंपनीची अ‍ॅस्ट्रोसोलर फिल्मच घ्या, आणि डोळ्याने बघायचं तर प्रकाश अडवण्याची घनता ५.० असलेली. ती सूर्याचा फक्त लाखावा भाग प्रकाश आत सोडते. ३.८ ची फिल्म केवळ फोटोसाठी असते. एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच यांच्या वाटेला जाऊच नका. काळं दिसलं म्हणजे डोळा वाचला असं नसतं.

लग्नपत्रिकेच्या खोक्याचा जाड पुठ्ठा चांगला. त्याच्या दोन सारख्या कड्या कापा, मधे दुहेरी चिकटपट्टीने फिल्म धरा. फिल्म ताणू नका. ती थोडी सैल, सुरकुतलेली राहिली तरी चित्र बिघडत नाही, ताणली की मात्र बिघडतं. मग पुठ्ठ्याची चार बोटं रुंद पट्टी नळीभोवती गुंडाळून गळपट्टी करा आणि कडी तिला चिकटवा. आतून मखमलीचा तुकडा लावला की घट्ट बसते.

फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर. नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगात, बसवायचे छोटे काळे फिल्टर उष्णतेने तडकतात, ते वापरूच नका. दर वेळी फिल्म टॉर्चसमोर धरून बघा. टाचणीएवढं जरी भोक दिसलं तरी फेकून द्या. नळीवरची छोटी शोधक दुर्बीण झाकणाने बंद ठेवा, आणि गळपट्टी नळीला टेपने बांधा. आपल्याकडे उन्हाळ्यात वावटळ कधी उठेल सांगता येत नाही.

मराठवाड्यात नऊच्या आतच बघा. नंतर पत्रे तापतात आणि सूर्याची कड पाण्यासारखी थरथरते. सकाळी माळवदावरून सूर्यडागांची गडद गाभ्याभोवतीची करडी किनार स्वच्छ दिसते.