जुनं ग्लो इंजिन हवेत बंद पडतंय? आधी टाकी बाहेर काढा

जमिनीवर झकास चालणारं जुनं ग्लो इंजिन (मॉडेल विमानाचं, ग्लो प्लगवर चालणारं छोटं इंजिन) विमानाचं नाक वर होताच आचके देत असेल, तर लगेच पिस्टनला दोष देऊ नका. बहुतेक वेळा चोर टाकीत असतो.

टाकीचं बूच काढून आतली सिलिकॉनची नळी बोटांनी दाबून पाहा. कडक किंवा चिरलेली असेल तर फेका. नवी नळी अशी कापा, की टोकाचा क्लंक (इंधन ओढणारं वजन) मागच्या भिंतीच्या 6 मिमी अलीकडे थांबेल. टाकी हलवल्यावर टकटक ऐकू आली नाही, तर क्लंक अडकतोय. मग एक सोडून बाकी नळ्या बंद करा, टाकी बादलीत बुडवा आणि हळूच फुंका. बुडबुडे निघाले तिथून हवा शिरते. इंधन भरण्याआधी टाकी पूर्ण वाळवा.

टाकीची मध्यरेषा नीडलच्या (कार्ब्युरेटरवरच्या, इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूच्या) पातळीत हवी, फार तर 6 ते 10 मिमी खाली. वर बसवली तर इंधन आपोआप कार्ब्युरेटरमध्ये उतरतं. भोवती फोम गुंडाळा, नाहीतर थरथरीने इंधनाला फेस येतो.

एवढं करूनही इंधनाची ओढ कमी पडली, तर टाकीतलं इंधन ढकलायला मफलरचा (धुराच्या डब्याचा) दाब वापरा. मफलर सोडवून 4.2 मिमी ड्रिलने भोक पाडा, 5 मिमीचा टॅप फिरवा, कीस नीट झाडा आणि निपल (नळी जोडायची छोटी तोटी) बसवा. टाकीची हवेची नळी त्याला जोडा. भरायची नळी बंद. कार्ब्युरेटरचं तोंड कानशीने मोठं करू नका, त्याने ओढ आणखी घटते.

इंधन: लोखंडी पिस्टनच्या इंजिनाला 80 टक्के मिथेनॉल, 20 टक्के एरंडेल. नायट्रोची (नायट्रोमिथेनची) गरज नाही. मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही आणि पावसाळ्यात उघड्या डब्यात ते ओल शोषतं.

परभणी-लातूरच्या मे महिन्यात खरी गंमत होते. 42 अंशांत हवा विरळ, त्यामुळे मिश्रण रिच (इंधन जास्त) होऊन इंजिनाचे फेरे किंचित उतरतात. मंडळी नीडल आवळत सुटतात, आणि थंड न होणारं इंजिन लीन (इंधन कमी) होऊन होरपळतं. उन्हात ताकद थोडी कमीच मिळणार, ती सोडून द्या.

नीडल लावताना प्रॉपच्या मागे उभं राहून फुल थ्रॉटलवर नाक वर करा. आवाज जरासा चढून टिकला तर ठीक. चढून खचला तर नीडल दोन-तीन खटके उघडा. शेवटच्या उड्डाणानंतर टाकी रिकामी करा, इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे आत उरलेलं इंधन संपेल, आणि प्लगच्या भोकातून तेलाचे चार थेंब सोडा.