ऑफिसचं फर्निचर घेताय? खुर्ची शेवटी घेऊ नका

नवं ऑफिस थाटताना पैसे साधारण एकाच क्रमाने खर्च होतात. आधी साहेबांची केबिन, मग रिसेप्शनचा काउंटर, मग टेबलं आणि उरल्यासुरल्या पैशांत खुर्च्या. हा क्रम उलटा करा. दिवसाचे आठ-नऊ तास माणसं खुर्चीत काढतात. काउंटरकडे येणारा पाहुणा दोन मिनिटं बघतो.

दुकानात लोक गादी दाबून बघतात आणि मऊ लागली की खूश होतात. फार मऊ फोम काही महिन्यांत दबतो आणि मग खालची प्लाय टोचायला लागते. खरं बघायचं ते खुर्ची उलटी करून. खुर्ची वरखाली करणारा सिलिंडर, म्हणजे गॅस लिफ्ट, कुठल्या क्लासची, म्हणजे किती मजबुतीची, आहे ते विचारा. दिवसभराच्या वापराला क्लास ४ मागा. कामाच्या खुर्च्यांसाठी आयएस १७६३१ हे भारतीय मानक आहे. ‘एकदम हेवी क्वालिटी’ या आश्वासनाऐवजी कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख मागितलेला बरा.

खुर्चीच्या हातांची एक गंमत असते, ती माल आल्यावरच कळते. टेबलाखाली कीबोर्डचा ट्रे असेल तर खुर्चीचे पक्के हात त्याला अडतात आणि खुर्ची आत जातच नाही. मग माणूस पुढे सरकून सीटच्या टोकावर बसतो, आणि महागातला लंबर सपोर्ट, म्हणजे कमरेचा आधार, मागे नुसता हवा खातो. म्हणून हातांची उंची आणि टेबलाखालची मोकळी जागा टेपने मोजा, किंवा हात वरखाली होणारे घ्या.

टेबलं साधारण ३० इंच उंचीची येतात. सव्वापाच फुटांच्या आतल्या माणसाने कोपर टेबलाच्या पातळीला यावं म्हणून खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात. त्याला नवं टेबल नको, साधा फूटरेस्ट पुरतो. सगळ्या स्टाफसाठी एकाच माणसाने बसून खुर्ची पसंत करणं चूकच. ऑफिसातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या माणसाला दुकानात न्या.

केबिनसाठी ती काळी, फुगीर, लेदरसारखी दिसणारी ‘बॉस चेअर’ हमखास घेतली जाते. बहुतेक वेळा ते रेक्झिनच असतं. आपल्या दमट हवेत ते सुटायला लागलं की साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर काळे कपचे दिसतात. मेशची, म्हणजे जाळीची, पाठ तेवढी रुबाबदार दिसत नाही हे मान्य, पण घाम धरत नाही.

आता टेबलांकडे. जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यात घ्या, उल्हासनगरात घ्या की ऑनलाइन. स्वस्त टेबल बहुधा प्री-लॅम पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून वर तयार थर चिकटवलेल्या फळीचं असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला पाणी चालत नाही. वरचा सनमायकासारखा थर शाबूत राहतो, पाणी शिरतं ते कडांमधून. म्हणून दुकानात वरची बाजू न बघता खालची कड बघा. कडेची पट्टी चारी बाजूंना हवी, नुसती दर्शनी बाजूला नको. रोज ओल्या पोछ्याने फरशी पुसली जाते आणि टेबलाच्या बाजूच्या फळ्या थेट जमिनीला टेकलेल्या असल्या, तर त्या खालून फुगतातच. लोखंडी पाय किंवा निदान प्लास्टिकचे बूट लावून घ्या. पाच फुटी टेबलाला १८ मिलिमीटरचा टॉप आणि मधे आधार नाही, असं असेल तर तो कालांतराने मधे झुकतो. २५ मिलिमीटरचा घ्या किंवा खाली पट्टी मारून घ्या.

मापं घेताना खोलीबरोबर लिफ्ट, जिना आणि दरवाजाही मोजा. जुन्या इमारतींत आठ फुटी कॉन्फरन्स टेबल खालीच अडतं. टॉप दोन तुकड्यांत मागवा. खुर्ची मागे सरकायला टेबलाच्या कडेपासून निदान तीन फूट सोडा.

बिल जीएसटी नंबरासकटच घ्या. दर १८ टक्के आहे, आणि तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची ठोक दराची सोय) नसाल तर इनपुट क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे हा कर तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. सुताराकडून भिंतीत पक्क्या करून घेतलेल्या कामाचं मात्र आधी सीएला विचारा.

तक्रार आली म्हणून लगेच नवी खुर्ची घ्यायची गरज नसते. बसल्यावर खुर्ची हळूहळू खाली जात असेल तर फक्त गॅस लिफ्ट गेलेली असते, ती बदलून मिळते. सिलिंडर मात्र स्वतः उघडू नका, आत दाबाखालचा वायू असतो. टाइल्सवर खडखड होत असेल तर कडक नायलॉनची चाकं काढून मऊ पीयूची (पॉलियुरेथेनची) बसवा. ओढली की निघतात. करकर वाजत असेल तर सीटखालचे स्क्रू आवळा. ड्रॉवर अडकत असेल तर तो ज्यावर सरकतो ते चॅनल बदला, टेबल नको.

हात आखडता असेल तर नव्या स्वस्त खुर्चीपेक्षा बंद झालेल्या ऑफिसातली चांगली जुनी खुर्ची बरी. ती पूर्ण वर करून पाच मिनिटं बसून बघा. खाली आली तर नाही म्हणू नका, गॅस लिफ्टचा खर्च वजा करून भाव पाडा.