कॅप बसवून घ्यायचीय? आधी कड बघा

फोंड्यातल्या एका डेंटल लॅबमध्ये मी दातांच्या कॅप बनवतो. पेशंटचं तोंड मला दिसत नाही, त्याचा प्लास्टरमधला दात तेवढा टेबलावर येतो. पण कॅप टिकणार की कुरकुरणार, हे बरंचसं तिथेच कळतं. म्हणून डॉक्टर सांगतील ते सोडून, लॅबच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

दाढेचं रूट कॅनल झालं की दुखणं थांबतं आणि लोक म्हणतात, कॅपचं चवथीनंतर बघू. हे करू नका. किडीने आणि ड्रिलने मधला भाग गेलेला असतो, उरतात त्या पातळ भिंती. त्यांवर चावण्याचा जोर आला की दाढ उभी चिरते, आणि चीर मुळात उतरली तर बहुतेक वेळा दाढ काढावीच लागते. कोयत्याची मूठ फुटू नये म्हणून तिला लोखंडी कडं घालतात ना, कॅप तशीच दाढेला चहूबाजूंनी आवळून धरते. पुढच्या दातांचं वेगळं आहे. दात बऱ्यापैकी शाबूत असेल तर नुसतं फिलिंगही पुरतं.

मात्र धरायला दात हवा. हिरडीच्या वर सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर तरी चांगला दात उरतोय का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. उरत नसेल तर मुळात पोस्ट, म्हणजे आधाराची बारीक काडी, घालून दात बांधावा लागतो, कधी हिरडी थोडी कापून दात जास्त उघडा करावा लागतो. हिरडीच्या आजाराने हलणारा दात कॅप घालून घट्ट होत नाही.

आता माप. दात घासून लहान केल्यावर त्याचं माप घेतात, पुटीने (म्हणजे ठसा घ्यायच्या मऊ लगद्याने) किंवा स्कॅनरने. लॅबमध्ये दात आला की मी भिंग लावून, दात जिथे घासायचा थांबलाय ती कड लाल पेन्सिलने आखतो. कॅप त्या रेषेवर संपते. मापात तिथेच बुडबुडा आला असेल, किंवा रक्ताने-थुंकीने कड पुसट झाली असेल, तर रेषा अंदाजाने ओढावी लागते. मी अशी मापं परत पाठवतो. तेव्हा डॉक्टर 'माप पुन्हा घेऊया' म्हणाले तर तोंड वाकडं करू नका, ते तुमच्याच फायद्याचं आहे. कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखालच्या दाताला लागते, आणि बऱ्याच कॅप तिथूनच जातात.

मुख्य प्रकार तीन. नुसत्या धातूची सगळ्यात चिवट आणि तिला दात कमी घासावा लागतो. दिसायला धातूची, म्हणून मागच्या दाढेला बरी. धातूवर पोर्सेलिन चढवलेली दिसते पांढरी आणि पडते स्वस्त, पण पोर्सेलिनचा टवका उडू शकतो आणि हिरडी खाली सरकली की कडेला काळी रेघ दिसते. तिच्या धातूत बहुधा निकेल असतं. खोट्या दागिन्यांनी अंगाला खाज येत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. तिसरी झिर्कोनिया, म्हणजे धातू नसलेली, पांढऱ्या सिरॅमिकची. ती महाग. खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून मशीन ती कोरते, तीही मुद्दाम मोठी, कारण पंधराशे अंशांच्या आसपास भाजल्यावर ती वीस-पंचवीस टक्के आक्रसते. वॉरंटी कार्ड असेल तर मागून घ्या.

कॅपचा रंग दात घासून लहान करण्याआधी ठरवा, खिडकीपाशी, लिपस्टिक पुसून. दात कोरडा पडला की जास्त पांढरा दिसतो. आणि कृपा करून एकाच दाताला सगळ्यात पांढरी शेड मागू नका. शेजारच्या दातांना चहा लागलेला असतो!

कॅप येईपर्यंत तात्पुरती टोपी असते. त्या बाजूने दोदोल किंवा काही चिकट खाऊ नका, आणि फ्लॉस (दातांच्या फटीत घालायचा दोरा) वर न ओढता बाजूने काढा.

खरी तपासणी सिमेंट लावण्याआधीची. कॅप नुसती बसवून दाखवतात तेव्हा आरसा मागा. शेजारच्या दातामधून फ्लॉस जरा अडून 'टक' करून गेला पाहिजे. सहज गेला तर तिथे माशाचे कण अडकणार, फाटला तर कॅप घट्ट आहे किंवा कड खरखरीत. मग कॅप कुठे उंच लागते ते बघायला निळा कागद चावायला देतात. इंजेक्शनने गाल बधिर असेल तर चावणं नीट कळत नाही, तसं सांगा. 'सवय होईल' यावर उठू नका. थोडी उंच राहिलेली कॅपही दाढ दुखवते.

पुढे नीट सांभाळली तर दहा-पंधरा वर्षं सहज जातात. ब्रश हिरडीच्या रेषेवर फिरवा. झोपेत दात खात असाल तर नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं कवच, करून घ्या. जत्रेतलं खाजें आधी हाताने मोडा आणि कुर्लीचे डेंगे वरवंट्याने फोडा, दाढेने नको. पोर्सेलिनचे टवके बऱ्याचदा असल्याच जेवणातून येतात, असं डॉक्टर सांगतात आणि मला ते पटतं.

कॅप निघालीच तर धुऊन डबीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे न्या. फेव्हिक्विकने चिकटवलेली कॅप आतून साफ करता करता खराब होते, मग नवीन करावी लागते. गिळली गेली तर बहुधा आपसूक बाहेर पडते, तरी डॉक्टरांना कळवा. पण ठसका लागून खोकला थांबत नसेल तर ती श्वासनलिकेत गेलेली असू शकते, तेव्हा थेट हॉस्पिटल गाठा.