आतल्या काटकोनातला लाल ठिपका: मेश करताना स्ट्रेस सिंग्युलॅरिटी कशी हाताळावी

एल आकाराच्या ब्रॅकेटचे संगणकावरचे फायनाइट एलिमेंट विश्लेषण (भागाचे ‘एलिमेंट’ नावाचे लहान तुकडे करून, म्हणजे मेश करून, त्यातला स्ट्रेस म्हणजे ताण काढण्याची पद्धत) पूर्ण होते आणि स्ट्रेसच्या रंगीत चित्रात नेमक्या आतल्या काटकोनावर लाल ठिपका उमटतो. स्टीलची यील्ड स्ट्रेंथ, म्हणजे ज्या स्ट्रेसला ते कायमचे वाकू लागते ती मर्यादा, 250 एमपीए (मेगापास्कल) आहे आणि ठिपक्यावरचा आकडा 309 दाखवतो आहे. अशा वेळी कुणी लगेच प्लेटची जाडी वाढवतो, तर कुणी ‘सिंग्युलॅरिटी आहे’, म्हणजे मेश बारीक करावा तसा हा आकडा वाढतच जाणार, एवढे म्हणून पुढे जातो. तो आकडा मुळात वाचण्याजोगा आहे का, हे दोघांनीही तपासलेले नसते, आणि ते तपासणे हेच पहिले काम आहे.

तपासणी सोपी आहे. त्या कोपऱ्याजवळचा एलिमेंटचा आकार दर वेळी निम्मा करावा आणि कोपऱ्यावरचा स्ट्रेस व ब्रॅकेटच्या टोकाचे विस्थापन (ते किती सरकले) असे दोन्ही आकडे वहीत लिहीत जावे. समजा 4, 2, 1 आणि 0.5 मिलिमीटरच्या मेशला स्ट्रेस अनुक्रमे 120, 164, 225 आणि 309 एमपीए आला, तर विस्थापन मात्र 0.412, 0.418, 0.421, 0.422 मिलिमीटर असे स्थिरावताना दिसेल. स्ट्रेस दर पायरीला सुमारे 37 टक्क्यांनी वाढतो आहे आणि थांबण्याचे लक्षण नाही. ही वाढ सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे होत नाही. अणकुचीदार आतल्या कोपऱ्यात लवचिकतेच्या सिद्धांताचे उत्तरच अनंत येते, हे एम. एल. विल्यम्स यांनी 1952 मध्ये दाखवले. कोपऱ्यापासूनचे अंतर कमी होत जाते तसा काटकोनात स्ट्रेस अंतराच्या उणे 0.4555 व्या घाताने वाढतो, आणि 37 टक्के हा आकडा त्यातूनच निघतो. तड्याच्या टोकाशी हा घात उणे 0.5 असल्यामुळे वाढ 41 टक्के होते, तर कोपरा उघडा, म्हणजे मटेरियलचा कोन 225 अंशांचा असेल, तर ती सुमारे 25 टक्क्यांवर येते. याउलट ताणलेल्या रुंद प्लेटमधल्या लहान गोल भोकाला हीच तपासणी लावली, तर भोकाच्या कडेचा स्ट्रेस किर्श यांनी 1898 मध्ये काढलेल्या तिप्पट मूल्याशी येऊन थांबतो. तेथील लाल रंग खरा आहे आणि त्याचा विचार डिझाइनमध्ये करावाच लागतो.

एकाच नोडवर (एलिमेंट जिथे जोडले जातात त्या बिंदूवर) दिलेला भार, एकाच नोडवर बांधलेला आधार, पूर्ण जखडलेल्या पृष्ठाची कड आणि दोन भिन्न मटेरियल जिथे चिकटतात त्या सांध्याचे टोक, या जागाही अशाच वागतात. त्यांपैकी भार आणि आधार यांचा उपाय सरळ आहे: बोल्टचा भार एका बिंदूवर न देता वॉशरखालच्या खऱ्या क्षेत्रावर पसरावा.

कोपरा सिंग्युलर आहे हे ठरले की पुढचा प्रश्न असा, की भाग मोडला तर कुठून मोडेल. तो धोका दूरच्या भोकाशी असेल, तर कोपरा तसाच राहू द्यावा, तिथे मेश बारीक करण्यात वेळ घालवू नये आणि कोपऱ्यापासून किमान प्लेटच्या जाडीइतके अंतर सोडून पलीकडचे आकडे वाचावेत. विस्थापन, आधारावरील प्रतिक्रिया आणि कंपनवारंवारता यांना या ठिपक्याची फारशी बाधा होत नाही.

धोका त्याच कोपऱ्यात असेल, तर मात्र ‘सिंग्युलॅरिटी’ हा शब्द पळवाट म्हणून वापरणे मला अक्षम्य वाटते. दुसऱ्या महायुद्धातील लिबर्टी नावाच्या मालवाहू जहाजांच्या डेकवर माल उतरवण्याच्या तोंडांच्या चौकोनी कोपऱ्यांपासून अनेक तडे सुरू झाले होते. मॉडेलमधला आकडा खोटा असला, तरी त्या जागेचा धोका खोटा नसतो. प्रत्यक्ष भागात त्रिज्या शून्य कधीच नसते, म्हणून ड्रॉइंगमध्ये फिलेट (कोपऱ्याची गोलाई) दिलेला नसेल, तर मशीनवरच्या माणसाला कटरची त्रिज्या विचारावी आणि तेवढा फिलेट मॉडेलमध्ये काढावा. 3 मिलिमीटर त्रिज्येच्या काटकोनी फिलेटचा कंस सुमारे 4.7 मिलिमीटर लांब असतो. त्यावर दुसऱ्या घाताचे (कडेच्या मध्यावरही नोड असलेले) आठ एलिमेंट बसवले, तर प्रत्येकाची लांबी सुमारे 0.6 मिलिमीटर येते. ती निम्मी करून पुन्हा सोडवावे आणि फरक पाच टक्क्यांच्या आत आला, तर आकडा स्वीकारावा. याच वेळी शेजारच्या एलिमेंटांची सरासरी न काढलेला स्ट्रेसही पाहावा. शेजारच्या दोन एलिमेंटांमध्ये मोठी उडी दिसली, तर मेश अजून जाड आहे. संपूर्ण मॉडेलला एवढा बारीक मेश परवडत नसल्यास कोपऱ्याचे सबमॉडेल, म्हणजे तेवढाच भाग कापून घेतलेले वेगळे मॉडेल, करावे, पण त्याची कापलेली सीमा इतकी दूर ठेवावी की तेथील स्ट्रेस मूळ मॉडेलशी जुळेल.

वेल्डची गोष्ट वेगळी आहे, कारण वेल्डच्या कडेची त्रिज्या जागोजागी बदलते आणि ती काढून दाखवण्यात फारसा अर्थ नसतो. तेथे हॉट स्पॉट पद्धत वापरावी, म्हणजे थोड्या अंतरावरचे आकडे वाचून त्यांवरून कडेचा स्ट्रेस काढावा. प्लेटची जाडी 10 मिलिमीटर असेल, तर वेल्डच्या कडेपासून 4 आणि 10 मिलिमीटरवर नोड येतील असा मेश आखावा, कडेजवळचा एलिमेंट 4 मिलिमीटरहून मोठा नसावा, आणि कडेला काटकोनात असलेला पृष्ठभागावरील स्ट्रेस त्या दोन ठिकाणी वाचावा. तो 180 आणि 150 एमपीए आला, तर 1.67 गुणिले 180 उणे 0.67 गुणिले 150, म्हणजे सुमारे 200 एमपीए हा हॉट स्पॉट स्ट्रेस झाला. त्याची तुलना यील्डशी न करता हॉट स्पॉटसाठी दिलेल्या फटीग वक्राशी (किती स्ट्रेसला भार किती वेळा सोसेल ते दाखवणाऱ्या आलेखाशी) करावी.

मॉडेलमध्ये मटेरियल प्लॅस्टिक केले, म्हणजे यील्डनंतर ते कायमचे वाकू दिले, की प्रश्न सुटतो, असा एक समज आहे. स्ट्रेस तेव्हा मर्यादेत राहतो खरा, पण अणकुचीदार कोपऱ्यातला प्लॅस्टिक स्ट्रेन (कायमची विकृती) मेश बारीक करावा तसा वाढतच जातो, त्यामुळे फिलेटाला पर्याय नाही. भागात खरोखर तडा असेल, तर टोकाचा स्ट्रेस वाचूच नये. टोकाभोवतीच्या एलिमेंटांचे मधले नोड टोकाकडे पाव अंतरावर सरकवून जे-इंटिग्रल (तडा वाढवू पाहणाऱ्या ऊर्जेचे माप) काढावा. तो टोकापासून दूरच्या वाटेवर मोजला जातो, म्हणून मेश बदलला तरी फारसा हलत नाही.

रंगपट्टीची वरची मर्यादा यील्डवर आणून लाल ठिपका झाकायचा असेल, तर अहवालात वगळलेली जागा, मेश निम्मा करताना आलेले चारही आकडे, आणि त्या जागेऐवजी स्ट्रेस कुठे व कोणत्या पद्धतीने वाचला, हे चित्राखालीच लिहावे.